नेट नसलेल्या शाळेतला ज्ञानकोश : किविक्सची पारख

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध इथूनच लागला असं सांगतात. १८ ऑगस्टला तिथं हेलियम दिन साजरा होतो. ज्ञानकोशाचं कुठलंही सॉफ्टवेअर तपासायला कोकणात याहून चांगला प्रश्न नाही, कारण याचं उत्तर एका पानावर मिळत नाही. मूलद्रव्याचं पान, लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाचं (गोष्टीतल्या ‘साहेबा’चं) पान, ग्रहणाचं पान आणि किल्ल्याचं पान अशी चार पानं शेजारी ठेवून ताडावी लागतात. नववीच्या मुलाला हे एका तासिकेत, नेट नसताना, शाळेच्या संगणकावर जमलं तर सॉफ्टवेअर कामाचं. किविक्सची पारख इथं याच कसोटीवर केली आहे.

किविक्स हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. २००७ पासून त्याचं काम चालू आहे. अख्खा विकिपीडिया, विक्शनरी किंवा असाच एखादा संग्रह ‘झिम’ नावाच्या एकाच दाबलेल्या फाइलमध्ये बांधलेला असतो आणि किविक्स ती फाइल उघडून ब्राउझरसारखी दाखवतं. फाइल एकदा संगणकात आली की नेटची गरज संपली. शोध, दुवे, चित्रं सगळं आतच.

ज्यांनी एन्कार्टाच्या सीडी पाहिल्या आहेत त्यांची अपेक्षा वेगळी असते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. १९९३ मध्ये आलेला आणि २००९ मध्ये बंद झालेला एन्कार्टा हा खरा मल्टिमीडिया ज्ञानकोश होता: पक्ष्याचा आवाज, चित्रफिती, काळपट, नकाशे, वर ‘माइंडमेझ’सारखा प्रश्नांचा खेळ. किविक्समध्ये हा थाट नाही. पण काही शाळांच्या कपाटात त्या सीडी अजून आहेत आणि हौसेनं चालवल्याही जातात, त्यांनी एक लक्षात घ्यावं. त्या सीडीत तेलंगण (२ जून २०१४) नाही, पालघर जिल्हा (१ ऑगस्ट २०१४) नाही आणि २००६ आधीच्या सीडीत प्लूटो अजून ग्रहच आहे. शोभेला ठीक, प्रकल्पाला नाही.

आता फाइल कुठली घ्यायची. इथंच बहुतेकांचा पाय घसरतो, कारण ‘इंग्रजी विकिपीडिया, संपूर्ण’ असं दिसलं की तेच हवं वाटतं. चित्रांसह ती फाइल १०० जीबीच्या वर जाते. प्रत्येक संग्रहाचे साधारण तीन प्रकार मिळतात: ‘मॅक्सी’ म्हणजे पूर्ण लेख चित्रांसह, ‘नोपिक’ म्हणजे पूर्ण लेख पण चित्रांविना, आणि ‘मिनी’ म्हणजे लेखाची फक्त प्रस्तावना आणि बाजूची माहितीचौकट. माध्यमिक शाळेसाठी मराठी विकिपीडियाची मॅक्सी घ्यावी (ती दोन जीबीच्या आत मावते), आणि इंग्रजीतून पूर्ण कोश न घेता विषयवार निवडी घ्याव्यात. भौतिकशास्त्र, रसायन, भूगोल अशा वेगवेगळ्या फाइली मिळतात. मिनीच्या वाटेला जाऊ नये. मूल शोधतं, पान उघडतं, चार ओळी वाचतं आणि ज्ञानकोशात एवढंच असतं अशी त्याची समजूत होते.

डाउनलोड तालुक्याच्या गावी, चांगल्या नेटवर करावं आणि शक्य असेल तर टॉरंटनं, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी फाइल उतरवणाऱ्या पद्धतीनं. सरळ ब्राउझरमधून घेतलेली मोठी फाइल मध्ये वीज गेली की अर्धवट राहते. ती बाहेरून शहाण्यासारखी दिसते, उघडताना मात्र रडते. टॉरंट जिथं थांबलं तिथून पुढे सुरू होतं आणि तुकडे स्वतः तपासून घेतं. साध्या डाउनलोडनं घेतली असेल तर निदान फाइलचा आकार यादीतल्या आकाराशी जुळवून पाहा. संकेतस्थळावर शा-२५६ चा आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) दिलेला असतो, तो विंडोजच्या ‘सर्टयूटिल’ आज्ञेनं पडताळता येतो.

मग पेनड्राइव्ह. पाच जीबीची फाइल बत्तीस जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर टाकताना ‘जागा अपुरी’ किंवा ‘फाइल खूप मोठी’ असं आलं, तर दोष पेनड्राइव्हचा नाही, त्याच्या फॅट३२ मांडणीचा आहे. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा), काम झालं. फोनच्या मेमरी कार्डालाही हेच लागू. वेळेचाही हिशेब ठेवा: जुना यूएसबी २ चा पेनड्राइव्ह सेकंदाला आठ एमबी लिहीत असेल तर ३० जीबीला तासाच्या वर लागतो. वीस संगणकांवर एकेक करून कॉपी करायला बसलात तर आठवडा गेला. तो मार्गच चुकीचा.

बरोबर मार्ग असा: एकच संगणक कोश सांभाळतो, बाकीचे त्याच्याकडून पानं मागतात. विंडोजवरची किविक्सची आवृत्ती झिप फाइलमध्ये येते. ती एका फोल्डरात उलगडायची आणि आतला प्रोग्रॅम चालवायचा, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. मात्र विंडोज ६४ बिटची हवी. ‘एमएसव्हीसीपी१४०’ नावाची डीएलएल सापडत नाही अशी पाटी आली तर मायक्रोसॉफ्टचं ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ टाकावं, ती पाटी जाते. हेही आधीच पेनड्राइव्हवर आणून ठेवा, कारण नेमकी ही पाटी नेट नसलेल्या खोलीत येते. प्रोग्रॅम सुरू झाला की झिम फाइल उघडा, मेन्यूतून ‘लोकल सर्व्हर’ चालू करा. तो आपला पत्ता दाखवतो, म्हणजे १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा, मग कोलन आणि ८०८०. दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की कोश समोर. या संगणकांवर किविक्स नसलं तरी चालतं, म्हणून कक्षातले जुने बत्तीस बिटचे डबेही कामाला येतात. मजकूर आणि लहान चित्रांची ये-जा असल्यानं साधा १०० मेगाबिटचा स्विच पुरतो.

या जोडणीत तीन ठिकाणी घोडं अडतं. पहिलं, फायरवॉल. सर्व्हर पहिल्यांदा चालू केल्यावर विंडोज परवानगी विचारते. घाईत ‘कॅन्सल’ दाबलं की त्या संगणकावर कोश दिसतो, बाकी कुठंच दिसत नाही. फायरवॉलच्या यादीत जाऊन किविक्सला परवानगी द्या आणि नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. दुसरं, झोप. सर्व्हरचा संगणक पंधरा मिनिटांनी स्लीपमध्ये गेला की वर्गातून ओरडा होतो. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘कधीच नाही’ करा, पडदा खुशाल बंद होऊ द्या. तिसरं सगळ्यात फसवं: वीज जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्यानं सर्व्हरला नवा पत्ता दिला. काल चाललेले सगळे शॉर्टकट आज मेलेले असतात आणि दोष किविक्सवर येतो. राउटरमध्ये त्या संगणकाचा पत्ता राखून ठेवा किंवा संगणकालाच कायमचा पत्ता द्या. कोकणात जून ते सप्टेंबर वीज दिवसातून किती वेळा डोळा मारते हे ठाऊक असलेल्यानं हे काम पहिल्याच दिवशी करावं.

वीज हा मुद्दा इथं टाळता येत नाही. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात निसर्ग वादळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कितीतरी वाड्या दिवसेंदिवस अंधारात होत्या. रोजच्या पावसाळ्यासाठी मात्र उपाय आहे: सर्व्हर म्हणून मोठ्या डब्याऐवजी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरा. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा पुरतो, म्हणजे तेवढा प्रवाह देणाऱ्या पॉवर बँकेवरही तो तासिका काढतो आणि स्वतःचा वायफाय हॉटस्पॉट करून फोनना कोश देतो. किविक्सचा तयार हॉटस्पॉट संचही याच पद्धतीचा. त्याचं दुखणं एकच, मेमरी कार्ड. चालू असताना वायर उपटली किंवा फोनच्या हलक्या चार्जरनं व्होल्टेज पडलं की कार्डावरची मांडणी बिघडते. बंद करायची आज्ञा देऊनच बंद करा आणि तयार कार्डाची एक प्रत कपाटात ठेवा. (खाऱ्या हवेचं वेगळं सांगायला नको. समुद्रालगतच्या कक्षात रॅमच्या पट्ट्यांच्या कडा काळ्या पडतात, संगणक सुरूच होत नाही. पट्टी काढून खोडरबरानं कडा पुसली की बहुधा जिवंत होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर हे आधी करून पाहा, मग मेकॅनिक.)

फोनवर किविक्स टाकताना एक गोम आहे. अँड्रॉइडच्या साठवणीबद्दलच्या नियमांमुळे प्ले स्टोअरवरून घेतलेल्या आवृत्तीला फोनमधल्या कुठल्याही फोल्डरात हिंडायची मुभा नाही. शेजाऱ्याच्या फोनवरून झिम फाइल घेऊन ‘डाउनलोड्स’मध्ये टाकली तर अ‍ॅपला ती आपण होऊन सापडत नाही. ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग किविक्सच्या नावाचा फोल्डर, असं जाऊन तिथं फाइल ठेवावी लागते. किविक्सच्या संकेतस्थळावरून थेट घेतलेल्या एपीकेला (अ‍ॅपच्या फाइलला) ही अडचण येत नाही.

आता शोध. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, मराठीत शोधताना खरी कसोटी मुलाची लागते, आणि तिथं किविक्स फारशी मदत करत नाही. ‘किल्ल्यावर’ असं टाकलं तर ‘किल्ला’ असलेली पानं येतील याचा भरवसा धरू नका. इंग्रजीत शब्दाला एस लागला तरी शोध भागतो. आपल्याकडे सामान्यरूप होतं, प्रत्यय लागतात, शब्दाचा चेहराच बदलतो. म्हणून मुलांना पहिला नियम शिकवावा: प्रत्यय काढा, मूळ शब्द टाका. ‘समुद्रातल्या माशांचे’ नको, ‘समुद्र’, ‘मासा’. व्याकरणाच्या तासाला विभक्ती का शिकवतात याचं उत्तर मुलांना इथं फुकटात मिळतं.

दुसरा नियम, ऱ्हस्व-दीर्घ. ‘सिंधुदुर्ग’ बरोबर, ‘सिंधूदुर्ग’ टाकलं की हात रिकामे. परक्या नावांचं लेखन तर जागोजागी वेगळं: ‘हेलियम’ आणि ‘हीलियम’, ‘लॉकियर’ आणि ‘लॉकयर’. एकानं नाही आलं तर दुसऱ्यानं पाहायचं. तिसरी अडचण टंकाची. कक्षातल्या संगणकांवर जुने, युनिकोड नसलेले फाँट टंकायची सवय असेल तर पडद्यावर मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. अशा मजकुराचा शोध शून्य येतो. विंडोज १० च्या २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कळफलक आतच आहे. भाषा म्हणून मराठी जोडा आणि तो निवडा. ज्यांना इन्स्क्रिप्ट कळफलक येतो त्यांनी तोच ठेवावा, तो पुढे कुठंही उपयोगी पडतो.

आणि चौथी गोष्ट, जी फक्त किनाऱ्यावरच्या मुलांना नडते: त्यांचे शब्द कोशातले नसतात. मूल ‘तिवर’ म्हणतं, कोश ‘खारफुटी’ म्हणतो, सरकारी कागद ‘कांदळवन’ म्हणतो. मुलाच्या तोंडी ‘पेडवे’, पुस्तकात ‘तारली’. इथं शास्त्रीय नाव हा साकव. बांगड्याचं शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कनागुर्टा, तारलीचं सार्डिनेला लाँगिसेप्स. ही नावं मूळ रोमन लिपीत लिहून एक तक्ता भिंतीवर लावा. मूल इंग्रजी कोशात ते नाव टाकतं आणि नेमक्या माशाच्या पानावर पोचतं. पान इंग्रजी असलं तरी चित्र, आकार आणि वितरणाचा नकाशा वाचायला भाषा फारशी लागत नाही.

तर हेलियमची कसोटी. इंग्रजी रसायनाच्या फाइलमध्ये हेलियमचं पान पाच मिनिटांत हाती येतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जूल्स जान्सन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं आंध्रातल्या गुंटूरहून वर्णपट पाहिला आणि त्यात ५८७.४९ नॅनोमीटरची पिवळी रेषा दिसली, तीच पुढे हेलियमची ठरली. नॉर्मन लॉकियरनं ती रेषा पाहिली २० ऑक्टोबर १८६८ रोजी, इंग्लंडात, ग्रहण नसताना. मग विजयदुर्ग कुठं आलं? मुलं इथं अडतात, आणि अडलेलं चांगलं. पुढची पायरी अशी सुचवा की लॉकियर भारतात कधी आला ते शोधा. १८७१ च्या डिसेंबरात तो ग्रहणासाठी केरळातल्या बेकल किल्ल्यावर होता. आणि २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला खरोखर विजयदुर्गावर होता. म्हणजे साहेब आला होता, ग्रहण पाहिलं होतं, फक्त हेलियमच्या रेषेनंतर तीस वर्षांनी. तोवर, १८९५ मध्ये, विल्यम रॅमसेनं हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून वेगळाही काढला होता. दोन ग्रहणं, एक साहेब आणि एक किल्ला यांची सरमिसळ होऊन गोष्ट तयार झाली.

हे सगळं किविक्समधून निघतं का? अर्धं निघतं. मूलद्रव्याचा भाग सरळ मिळतो. १८९८ चं ग्रहणाचं पान खगोलाची निवड किंवा पूर्ण इंग्रजी कोश असेल तरच मिळतं. विषयवार फाइलींतली मोठी उणीव ही की एका फाइलमधल्या पानावरून दुसऱ्या फाइलमधल्या पानावर दुवा जात नाही. लेखाखालचे बाहेरचे संदर्भ नेटशिवाय उघडत नाहीत. म्हणून शिक्षकांनी विषय देण्याआधी स्वतः एकदा वाट चालून पाहावी आणि जिथं पूल तुटलेला आहे तिथलं पान नेटवरून पीडीएफ करून सर्व्हरवर ठेवावं.

मराठी बाजू एकट्या विकिपीडियावर सोडू नये. मराठी विकिपीडियात लेख असमान आहेत: एखाद्या किल्ल्यावर चांगला तपशील, तर भौतिकशास्त्राच्या एखाद्या संकल्पनेवर चार ओळी. तिथं वाईच्या मराठी विश्वकोशाला तोड नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या या कोशाच्या नोंदी जाणकारांनी लिहिलेल्या आणि तपासलेल्या आहेत, खाली लेखकाचं नाव असतं. आकडेवारी जुनी असू शकते, भाषा जड आहे, नववीच्या मुलाला ‘परिभाषा’ अंगावर येते. पण व्याख्या नेमकी हवी तर इथंच. विश्वकोश झिम फाइलमध्ये मिळत नाही, तो संकेतस्थळावर आहे. नेट असलेल्या दिवशी लागणाऱ्या नोंदी छापा किंवा पीडीएफ करा. गावच्या वाचनालयात छापील खंड असतील तर आणखी उत्तम, त्यांना वीज लागत नाही. लहान वर्गांसाठी कुमार विश्वकोश पाहावा.

मल्टिमीडियाचं म्हणाल तर किविक्सच्या विकिपीडियात चित्रं आहेत, पण आकारानं लहान केलेली. प्रोजेक्टरवर मोठी केली की फिसकटतात. चित्रफितींची आशा धरू नका. ती उणीव कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रयोगांनी भरते. विद्युत परिपथ, घनता, प्रकाशाचं वक्रीभवन असे हलते प्रयोग एकेक एचटीएमएल फाइल म्हणून उतरवून घेता येतात, नेटशिवाय चालतात आणि कित्येक मराठीतही आहेत. वर्गात खरी रंगत यांनीच येते, किविक्सनं नाही. हे मान्य करायला हरकत नाही.

मुलं काय करतात? कॉपी-पेस्ट करतात. त्याला सोपा उपाय म्हणजे विषय असा द्यायचा की एका पानावरून उतरवताच येणार नाही. ‘कोकण रेल्वेची माहिती लिहा’ दिलंत तर वीस वह्यांत तेच वाक्य येईल. ‘करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा का करावा लागला, घाटाचा चढ आणि रेल्वेला चालणारा चढ यांची तुलना करा’ असं द्या. विकिपीडियाचा मजकूर घेतला तर लेखाचं नाव आणि झिम फाइलचा महिना वहीत लिहायला लावा. मुक्त परवान्यातही श्रेय देणं बंधनकारक आहे, आणि महिना लिहिल्यानं आणखी एक गोष्ट उघडी पडते.

ती म्हणजे फाइलचं वय. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यं जागतिक वारसा यादीत गेली, त्या बारा किल्ल्यांत विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत. त्याआधी बांधलेल्या फाइलमध्ये हे नसणार, आणि मूल ‘अजून यादीत नाही’ असं ठामपणे लिहील. फाइलच्या नावातच वर्ष आणि महिना असतो, तो कक्षाच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवा.

नवी फाइल वर्षातून एकदा, मेच्या सुट्टीत, पाऊस लागायच्या आत आणावी. नवी उघडून, शोध चालतो हे पाहून, दोन संगणकांवरून पानं मागवून झाल्याशिवाय जुनी पुसू नये.